त्रिफळ्याचे आठ महिने

पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर नुसती तक्रार लिहिली असती, म्हणून मुद्दाम आठ महिने थांबले.

आधीची अवस्था अशी. सकाळी जिभेवर पांढरट चिकट थर, तोंडाला चव नाही, दोनदा जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही आणि जेवण झालं की डोळे मिटायला लागतात. त्यावर दोन वर्षं मी ‘पोट साफ’ करणारं एक तयार चूर्ण घेत होते. त्यात मुख्य भर सोनामुखीचा. सोनामुखी आतड्याला जबरदस्तीने हलवते. त्या दिवशी मोकळं वाटतं, पण मुरडा येतो. अर्ध्या चमच्यावरून मी दीड चमच्यावर कधी पोचले ते कळलंही नाही.

शेवटी वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी आधी जीभ पाहिली आणि विचारलं, “कडकडून भूक शेवटची कधी लागली होती?” मला आठवेना. मी घड्याळ बघून जेवत होते.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. पोटातला अग्नी चार तऱ्हांचा असतो: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. तो मंद झाला की अन्नरस अर्धाकच्चा राहतो, तोच आम. जडपणा, आळस, अरुची, चिकट मळ ही त्याची लक्षणं. आणि आम असताना जुलाब देऊन कोठा धुऊन काढायचा नाही, हे आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी एका दृष्टान्ताने सांगून ठेवलं आहे. कच्च्या फळातून रस पिळायला गेलात तर रस नीट निघत नाही आणि फळाचा मात्र नाश होतो. दोन वर्षं मी नेमकं तेच करत होते! आधी पाचन (आम पचवणं), मग शोधन (कोठा साफ करणं), हा क्रम मला तोवर कोणी सांगितला नव्हता.

म्हणून पहिले तीन आठवडे त्रिफळाही नाही. सुंठ घालून उकळलेलं पाणी घोट घोट, जेवणाआधी सैंधव लावलेला आल्याचा पातळ काप, रात्री पेज किंवा मुगाचं कढण आणि आधीचं जेवण जिरल्याशिवाय पुढचा घास नाही. जिरलं हे ओळखायचं कसं? ढेकर शुद्ध येते, तिला आधीच्या जेवणाचा वास नसतो, अंग हलकं वाटतं आणि भूक-तहान लागते. सहाव्या दिवशी संध्याकाळी पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागली आणि साधी पेजसुद्धा गोड लागली. मला खरंच भरून आलं.

मग त्रिफळा. हिरडा, बेहडा, आवळा, तिन्हींच्या बिया काढून समभाग, घरी कुटून वस्त्रगाळ केलेला. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्याबरोबर. चव आधी तुरट, जीभ आक्रसून घेणारी, पण मागून पाणी प्यायलं की ते गोड लागतं. घरी कुटण्यामागे कारण आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे 21 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या औषधांत, हे प्रमाण जास्त होतं, हे खरं, तरी मी तेव्हापासून सावध आहे.

पहिले दहा दिवस गॅस वाढला, पोट गुडगुडायचं. मात्रा पाव चमच्यावर आणली तेव्हा थांबलं. दुसऱ्या महिन्यात एकदाच आणि मुरड्याशिवाय पोट साफ होऊ लागलं. चौथ्या महिन्यात जीभ गुलाबी दिसायला लागली. वजन जवळजवळ तेवढंच राहिलं. चेहऱ्यावर तेज वगैरे आलं नाही, त्यासाठी कोणी घेऊ नये.

पाचव्या महिन्यात मी वैद्यबाईंना विचारून चूर्ण पंधरा दिवस बंद केलं. भुकेचा नियम पाळला आणि सगळं ठीक राहिलं. मग उलट झालं. घरी पाहुणे होते, चूर्ण रोज चालू, पण खाणं अवेळी आणि एकावर एक. आधीचं जिरायच्या आत पुन्हा खाणं, याला अध्यशन म्हणतात. तिसऱ्या सकाळी जिभेवर तोच थर! माझ्यापुरता निकाल तिथेच लागला: सत्तर टक्के काम भुकेची वाट पाहण्याने होतं, चूर्ण मागून हात लावतं.

‘विषद्रव्यं बाहेर काढतं’ हा जाहिरातीतला दावा मी करणार नाही. रक्तातली टाकाऊ द्रव्यं काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत, आणि आम कुठल्या रक्ततपासणीत दिसत नाही. मी त्याला रोज सकाळी आरशात वाचता येणारी एक अवस्था मानते.

गरोदरपणात, जुलाब होत असताना, किंवा मधुमेहाची अथवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना विचारल्याशिवाय घेऊ नका. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, सवयीत अचानक बदल यांपैकी काही असेल तर चूर्णाच्या नादात एक दिवसही घालवू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

आता त्रिफळा आठवड्यातून दोन रात्री घेते. आल्याचा काप मात्र दोन्ही वेळच्या जेवणाआधी, आणि भूक नसेल तर तोही नाही, जेवणही नाही.