पाच वर्षांचा करार आत्ता द्यायचा की थांबायचं?

फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवायच्या गेममध्ये ३१ डिसेंबर उजाडला की मी आधी संघाच्या यादीतला करार संपण्याच्या तारखेचा रकाना उघडतो. ज्यांच्यासमोर येत्या ३० जूनची तारीख दिसते, ते सगळे उद्यापासून परदेशी क्लबांशी बोलायला मोकळे. फुटबॉल मॅनेजर एकट्याने खेळताना हे चालून जातं. मित्रांबरोबर ऑनलाइन सेव्ह (म्हणजे एकत्र खेळायचा डाव) चालू असेल तर मात्र स्पेनमधला क्लब घेऊन बसलेला एखादा मित्र याच दिवसाची वाट बघत असतो. तुम्ही तीन सीझन घडवलेला खेळाडू तो फुकट उचलतो आणि वर चॅटमध्ये हसतो.

म्हणून बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. जो बरा दिसेल त्याला पाच वर्षं देऊन मोकळे होतात. दोन्ही करून बघितल्यावर माझं मत असं झालंय की मुदत किती उरली हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं ते हे, की खेळाडूला स्वतःची किंमत कळली आहे का. एजंट जे मागतो ते खेळाडूचं नाव, संघातलं स्थान आणि क्लबची ऐपत बघून मागतो. पोरगा पुढे किती वाढणार हे तुमच्या स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाला, दिसत असतं, एजंटच्या आकड्यात ते अजून उतरलेलं नसतं. या दोन्हींत जितकं अंतर जास्त, तितका लांब करार स्वस्त.

लवकर देण्याची बाजू

समजा, अठरा वर्षांचा मिडफिल्डर आठवड्याला १,५०० पौंड घेतोय आणि नव्या करारासाठी ६,००० मागतोय. चौपट! जिवावर येतं. पण तोच पोरगा एक सीझन नियमित खेळला, राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला, की मागणी २०,००० वर जाऊ शकते आणि सोबत रिलीज क्लॉजही येतो (ठरलेला आकडा कुणी मोजला की खेळाडू सोडावाच लागतो, असं कलम). आज मोजलेले ६,००० तेव्हा चिल्लर वाटतात. पोरगा फसलाच, तरी एवढ्या पगाराचा तरुण खेळाडू लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबाला) द्यायला किंवा विकायला जड जात नाही.

फक्त करारातली बारीक कलमं वाचा. दरवर्षी १० टक्के पगारवाढ निरुपद्रवी दिसते, पण ती चक्रवाढ असते: पहिल्या वर्षी १०,००० असेल तर पाचव्या वर्षी १४,६४१. हे परवडतं. अमुक इतके लीग सामने खेळल्यावर पगार वाढवायचा, हे कलमही मी बिनधास्त देतो, कारण तो तेवढे सामने खेळला म्हणजे तेवढा चांगला निघाला. रिलीज क्लॉज मात्र नको. त्यासाठी मूळ पगार हजार-दोन हजारांनी वाढवावा लागला तरी वाढवतो. ऑनलाइन सेव्हमध्ये तो आकडा मित्रांच्या डोळ्यांसमोर राहतो, आणि एकदा तो आकडा कुणी मोजला की पाच वर्षांचा करार फक्त कागदावर उरतो.

वयाचीही एक मेख आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांबीचा धरला जात नाही, आणि सर्वसाधारण कमाल मर्यादा पाच वर्षांची. इंग्लंडमध्ये तर व्यावसायिक करारच सतराव्या वाढदिवसानंतर होतो. त्यामुळे अकादमीतल्या हिऱ्याच्या दोन तारखा मी लिहून ठेवतो, सतरावा आणि अठरावा वाढदिवस. सतराव्याला मिळेल तो करार, अठराव्यानंतर पहिल्या संधीला पूर्ण पाच वर्षं.

थांबण्याची बाजू

थांबायला मी शिकलो ते एका स्ट्रायकरमुळे. वय सव्वीस, अर्ध्या सीझनमध्ये चौदा गोल. जानेवारीत एजंट दारात उभा. मी घाबरलो आणि संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूएवढा पगार पाच वर्षांसाठी देऊन बसलो. उरलेल्या सीझनमध्ये त्याने तीन गोल केले. पुढच्या उन्हाळ्यात त्याला विकायला काढलं, तर बोली आली की पगाराशी गाडी अडायची. इकडे जेवढं मिळतंय तेवढं तिकडे कुणीच देईना. शेवटी दोन वर्षं लोनवर पाठवून अर्धा पगार मीच भरला. त्याच्या जुन्या करारात अजून अडीच वर्षं होती. मला घाई कसली होती, हे मला अजूनही सांगता येत नाही.

फॉर्म ऐन भरात असताना करार करणं म्हणजे लग्नसराईत सोनं घेणं. तेवीस ते अठ्ठावीसमधल्या, ज्यांचा अंदाज आलेला आहे अशा खेळाडूंबाबत मी म्हणून थांबतो, पण शेवटच्या वर्षापर्यंत नाही. इथे महिन्यांपेक्षा ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे ठरलेले काळ, मोजणं सोपं जातं. जुलैत करारात दोन वर्षं उरली असतील तर विकायला हातात चार विंडो असतात: दोन उन्हाळी, दोन जानेवारीच्या. खेळाडूने नाही म्हटलं तरी तुम्ही भावात अडून बसू शकता. एकच वर्ष उरलं तर दोन विंडो, आणि त्यातल्या जानेवारीत समोरच्याला माहीत असतं की सहा महिने थांबलं तर फुकट मिळणार आहे. त्यामुळे या मधल्या वयाच्या खेळाडूंशी बोलणी सुरू करायची माझी वेळ म्हणजे दोन वर्षं उरलेली असताना, आणि तीही सीझन संपल्यावर, डोकं थंड असताना.

वरच्या लीगमध्ये बढतीच्या उंबरठ्यावर असाल तर गुंता वाढतो. वर जायच्या आधी करार मागितला तर पगार कमी लागतो, पण चांगला खेळाडू खालच्या लीगमधल्या क्लबला पाच वर्षं द्यायला कुरकुर करतो. वर गेल्यावर तो आनंदाने सही करतो, पण दाम वाढवून. मी संघाचा कणा असलेल्या तीन-चार जणांना आधी गाठतो आणि बढती मिळाल्यास पगारवाढीचं कलम देतो. त्याच्या जोडीला संघ खाली घसरल्यास पगारकपातीचं कलम मागायला विसरू नका. हे विसरून दिवाळखोरीच्या दारात गेलेले मॅनेजर मी पाहिलेत. त्यातला एक रोज आरशात दिसतो.

शेवटचे सहा महिने आणि तिशीपलीकडचे

सगळेच शेवटच्या वर्षाला घाबरतात, पण धोका सगळीकडे सारखा नाही. इंग्लिश क्लबाच्या खेळाडूशी जानेवारीत दुसरा इंग्लिश क्लब करार करू शकत नाही, परदेशी करू शकतो. शिवाय चोवीस वर्षांखालच्या खेळाडूला तुम्ही नवा करार देऊ केला असेल आणि तो तरी दुसऱ्या इंग्लिश क्लबात गेला, तर भरपाई मिळते. म्हणजे सेव्हमधले सगळे मित्र इंग्लंडमध्येच असतील तर जानेवारीत थोडा श्वास घेता येतो. एक जरी बाहेर असेल तर नाही.

तिशीपलीकडे मात्र शेवटच्या वर्षापर्यंत थांबणं मला योग्यच वाटतं. २०२५ च्या लिव्हरपूलकडे बघा. एकाच उन्हाळ्यात तिघांचे करार संपत होते. सलाह आणि व्हॅन डाइक या तिशी ओलांडलेल्या दोघांनी एप्रिलमध्ये, म्हणजे अगदी काठावर, दोन-दोन वर्षांच्या करारावर सह्या केल्या. त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण अलेक्झांडर-अर्नोल्ड करार न वाढवता रिअल माद्रिदला गेला. क्लब विश्वचषकासाठी तो महिनाभर आधी हवा होता म्हणून माद्रिदने थोडी रक्कम दिली, एवढंच. हाच प्रसंग सेव्हमध्ये आला असता तर तिघांपैकी ज्याच्यामागे दोन वर्षं आधीच लागायला हवं होतं तो अलेक्झांडर-अर्नोल्डच. वयस्कांना एक-दोन वर्षं आणि क्लबच्या मर्जीने एक वर्ष वाढवण्याचं कलम एवढं पुरतं.

चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिकला साडेआठ वर्षं दिली, मग आपण का नाही, असं कुणी विचारतं. तिथे हिशेब वेगळा होता. ट्रान्सफरची रक्कम करारातल्या वर्षांवर विभागून दाखवता येते, म्हणून वर्षं जास्त तितका दरवर्षीचा बोजा कमी. युरोपची फुटबॉल संघटना युएफाने त्याच वर्षी ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. गेममध्ये आपल्याला नडतो तो आठवड्याचा पगार, आणि तो जास्त वर्षांनी कमी होत नाही.

हॅट्रिक हा दुसरा, ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेम खेळणाऱ्यांना हे सगळं परकं वाटेल. तिथे करारच नाहीत. खेळाडूचा पगार त्याच्या वाढदिवशी नव्याने ठरतो आणि गेममधलं वर्ष ११२ दिवसांचं असतं. तिथे वेळेचा खेळ एवढाच की भरपूर सराव मिळालेला खेळाडू वाढदिवस होऊन गेल्यावर घेतलात तर नवा पगार आधीच दिसतो, आधी घेतलात तर थोडे दिवस स्वस्तात खेळवता येतो.

तर आज तुमच्या सेव्हमध्ये ३१ डिसेंबर असेल, तर पुढचा दिवस दाबायच्या आधी ३० जूनवाल्यांचे करार एकेक उघडा. एक वर्ष वाढवण्याचा हक्क क्लबकडे असेल तिथे तो लगेच वापरा. उरलेल्यांत तेवीसच्या आतला कुणी असेल तर आज रात्रीच एजंटला बोलवा, रिलीज क्लॉज सोडून काय मागेल ते ऐका. बत्तीस वर्षांच्या गोलकीपरला मार्चपर्यंत ताटकळू द्या. आणि सध्या गोलांचा पाऊस पाडणाऱ्या सव्वीस वर्षांच्या स्ट्रायकरच्या करारात अडीच वर्षं उरली असतील, तर त्याच्या एजंटचा निरोप न उघडताच पुढे जा.