डोराचा हिशोब: 'सेंट्रल स्टेशन' (1998)

आई गमावलेला मुलगा आणि खडूस बाई एकत्र प्रवासाला निघतात, एवढं ऐकलं की पुढचे दोन तास आपोआप डोळ्यांसमोर येतात: आधी भांडण, मग माया, शेवटी रुमाल. वॉल्टर सालेसचा हा ब्राझिलियन चित्रपट रुमालापर्यंत पोचतो खरा, पण वाटेत कोणाच्या खिशातून काय गेलं याची नोंद तो चोख ठेवतो. डोराला मुलाचा लळा लागतो आणि म्हणून ती त्याच्यासाठी खर्च करते, असं इथे होत नाही. आधी पैसे जातात, मग परतीची वाट बंद होते, आणि लळा या सगळ्याच्या मागून, जरा नाराजीनेच येतो.

डोरा निवृत्त शिक्षिका आहे. रिओ द जानेरोच्या मुख्य रेल्वे स्टेशनवर टेबल टाकून ती निरक्षर लोकांची पत्रं लिहून देते. (मुंबईच्या जीपीओसमोर बसणारे पत्रलेखक ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे टेबल ओळखीचं वाटेल.) ती पत्रं टाकण्याचेही पैसे घेते, आणि संध्याकाळी घरी शेजारीण इरेनेला ती वाचून दाखवत निकाल लावते: काही फाडायची, काही खणात कोंबायची. आना नावाची बाई दूरच्या नवऱ्याला पत्र लिहून घेते आणि स्टेशनबाहेर बसखाली सापडते. तिचा नऊ वर्षांचा जोझुए तिथेच उरतो. डोरा त्याला मुलं परदेशात दत्तक देतो म्हणणाऱ्यांच्या हवाली करते आणि आलेल्या पैशातून रिमोटवाला टीव्ही घेते. एवढ्या मोठ्या मुलाला कोण दत्तक घेणार, त्याचे अवयव विकतील, असं इरेने तिला सुनावते, तेव्हा कुठे तिची झोप उडते. मुलाला पळवून आणल्यावर रिओत राहणं धोक्याचं, म्हणून दोघं बसने ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात, त्याच्या बापाच्या शोधात निघतात.

इथून पटकथेची कारागिरी बघण्यासारखी आहे. डोरा त्याला बसमध्ये सोडून गुपचूप उतरते, तर तोही उतरलेला असतो, आणि तिने पैसे ठेवलेली त्याची पिशवी बसमध्येच राहते. भला ट्रकवाला भेटतो. डोरा आशेने लिपस्टिक लावून बाहेर येईपर्यंत तो निघून गेलेला असतो. यात्रेकरूंच्या ट्रकमध्ये जागा मिळवायला तिला मनगटावरचं घड्याळ द्यावं लागतं. दर टप्प्याला तिच्याजवळचं काहीतरी कमी होतं. त्यामुळे तिचा बदल कुणी प्रवचन दिल्यासारखा लादलेला वाटत नाही. पळून जायला तिच्याकडे साधनच उरत नाही.

फर्नांडा मॉन्टेनेग्रो हे सगळं चेहऱ्यावर मोजत राहतात. त्यांचा जन्म 1929चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी त्या पासष्टीच्या पुढे होत्या. वय, थकवा, कुरूप दिसण्याची भीती, यातलं काही त्यांनी झाकलेलं नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार आणि त्यांना अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं, शिवाय ऑस्करचं नामांकन. (26 वर्षांनी त्यांच्या मुलीला, फर्नांडा टोरेस यांना, सालेसच्याच चित्रपटासाठी तेच नामांकन मिळालं.) जोझुए झालेला विनिसियुस द ओलिवेरा हा सालेसला विमानतळावर भेटलेला, बूट पॉलिश करणारा मुलगा. त्याआधी त्याने अभिनय केलेला नव्हता. तो प्रेक्षकाकडे दया मागत नाही, डोराशी बरोबरीने वाद घालतो, आणि म्हणूनच जोडी जमते.

छायाचित्रकार वॉल्टर कार्व्हाल्यो यांनी रिओतला भाग असा टिपलाय की पुढचा एक चेहरा तेवढा स्पष्ट आणि मागची गर्दी धूसर. रंगही तपकिरी, मळकट. डोरा माणसं बघतच नाही, हे संवादाशिवाय कळतं. बस शहराबाहेर पडते तशी चौकट मोकळी होते आणि क्षितिजापर्यंतचं सगळं स्पष्ट दिसायला लागतं. स्टेशनवर टेबल मांडल्यावर खरेच लोक पत्रं सांगायला येऊन बसले, आणि त्यातले काही चित्रपटात आहेत. सुरुवातीचे ते चेहरे नीट बघून ठेवा. पुढे यात्रेच्या गावात पैसे संपल्यावर जोझुए आरोळ्या ठोकून गिऱ्हाईक आणतो आणि डोरा नवस फेडायला आलेल्यांची पत्रं लिहिते, तेव्हा तशीच माणसं, तीच लेखणी, तोच धंदा असतो. फक्त आता ती ऐकत असते. माझ्या मते चित्रपटाचा कळस हाच. त्याआधीचा मेणबत्त्यांच्या रात्रीचा, डोरा बेशुद्ध पडते तो प्रसंग जास्त गाजलेला असला तरी.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. अवयवांच्या धंद्याचा धागा बस सुटताच गळून पडतो. इतकी भयानक गोष्ट फक्त गाडी चालू करायला वापरलीय. रिओत सगळे लांडगे आणि खेड्यात सगळे देवभोळे, ही वाटणी फारच सोपी आहे. याच कोरड्या मुलखातला संताप 1960च्या दशकातल्या ब्राझिलियन दिग्दर्शकांनी दाखवला होता. ग्लाउबेर रोशाच्या 1964 सालच्या चित्रपटात कोरिस्को हा दरोडेखोर साकारणारे ओथोन बास्तोस इथे तो बुजरा ट्रकवाला झालेत, आणि तेवढ्यावरून दोन काळांतला फरक कळतो. बाप सुतार, त्याचं नाव जेझुस म्हणजे येशू, मुलांची नावंही बायबलमधली. एवढं अधोरेखित करायची गरज नव्हती. मॉन्टेनेग्रोंच्या चेहऱ्याने सांगून झालेलं पार्श्वसंगीतातली तंतुवाद्यं अनेकदा पुन्हा सांगतात.

मात्र बापाचं पत्र वाचण्याचा प्रसंग बिनचूक आहे. जोझुएच्या मोठ्या भावांना वाचता येत नाही, म्हणून ते पत्र डोराकडे देतात, आणि ती वाचताना त्यात एक नाव स्वतःच्या मनाने घालते. आयुष्यभर पत्रांत लबाडी केलेल्या बाईची ही शेवटची लबाडी. त्या नावाआधी मॉन्टेनेग्रो किंचित थांबतात, तिकडे लक्ष ठेवा.

लांबी पावणेदोन तासांहून थोडी जास्त. रुंद पडद्याची मूळ चौकट असलेली प्रतच घ्या. कडा कापलेल्या प्रतीत दुसऱ्या अर्ध्या भागातला मुलूखच गायब होतो. मोबाईलवर बघू नका. डब केलेली आवृत्ती टाळा, कारण पत्र सांगणाऱ्यांचे अडखळते आवाज हा चित्रपटाचा अर्धा ऐवज आहे. सुरुवातीलाच अपघात आहे आणि थोड्या वेळाने एका भुरट्या चोराला रुळांजवळ गोळी घालतात, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना बरोबर बसवू नये.