रंगीत फॉन्ट: सीओएलआर, एसव्हीजी की एकावर एक थर?

अक्षरांत रंग भरणं आता फारसं कठीण नाही. ग्लिफ्स किंवा फॉन्टलॅब या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते होतं, आणि इलस्ट्रेटरमध्येच काम करायचं असेल तर फॉन्टसेल्फ हे त्यात जोडायचं साधन आहे. खरी डोकेदुखी पुढे आहे: तोच फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर रंगीत दिसायला हवा. फॉन्टच्या फाइलमध्ये रंग साठवायचे चार प्रकार आहेत: ॲपलने एसबिक्स आणलं, गूगलने सीबीडीटी, मायक्रोसॉफ्टने सीओएलआर, तर अडोबी आणि मोझिलाने एसव्हीजी. चारही प्रकार ओपनटाइप या फॉन्टच्या प्रमाण फॉरमॅटमध्ये आले, पण प्रत्येक सॉफ्टवेअरने चारही वाचावेत अशी सक्ती कुणावर नाही. म्हणून फॉन्ट कुठे वापरला जाणार हे आधी ठरवा, मग फॉरमॅट निवडा.

एसबिक्स आणि सीबीडीटी इमोजींपुरते ठीक. आत पीएनजी म्हणजे ठिपक्यांची चित्रं असतात, मोठी केली की फाटतात. शीर्षकाच्या अक्षरांसाठी त्यांचा विचारही करू नका.

उरले दोन. एसव्हीजीमध्ये हवं ते काढता येतं: ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा), पारदर्शकता, ब्रशचे फटकारे. फोटोशॉपने सीसी 2017 पासून आणि इलस्ट्रेटरने सीसी 2018 पासून तो स्वीकारला, त्यामुळे अडोबीत काम करणाऱ्यांना हाच जवळचा. फायरफॉक्स आणि सफारीही तो दाखवतात. क्रोम मात्र दाखवत नाही, आणि वेबसाठी फॉन्ट करणाऱ्याचा निर्णय तिथेच होतो.

सीओएलआरची रीत वेगळी. व्हर्जन 0 मध्ये प्रत्येक रंगाचा थर हा एक साधा ग्लिफ (फॉन्टमधला एक सुटा आकार) असतो आणि रंगांची यादी सीपीएएल नावाच्या वेगळ्या टेबलात, म्हणजे फॉन्ट-फाइलच्या एका भागात, असते. सपाट रंगच मिळतात, पण फाइल हलकी राहते, मोठे ब्राउझर तो दाखवतात, आणि सीएसएसमधल्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या) फॉन्ट-पॅलेटने फॉन्टला हात न लावता रंग बदलता येतात. ही सोय मला ग्रेडियंटपेक्षा मोलाची वाटते. ग्रेडियंट हवेच असतील तर व्हर्जन 1 आहे; क्रोमने 2022 मध्ये आवृत्ती 98 पासून आणि फायरफॉक्सने 107 पासून तो घेतला. ॲपलच्या यंत्रांवर तो चालेलच असं धरून चालू नका.

एका फाइलमध्ये सीओएलआर आणि एसव्हीजी दोन्ही टेबलं ठेवता येतात. वजन वाढतं, पण विकण्यासाठी फॉन्ट करत असाल तर ते सोसावं. रंग न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खालची एकरंगी बाह्यरेषा दिसते, तीही मन लावून काढा. सगळे थर जोडून नुसता भरीव आकार ठेवला तर अक्षरांची पोटं बुजतात.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. रंगीत फॉन्ट ग्लिफमागून ग्लिफ रंगवला जातो: एका अक्षराचे सगळे थर, मग पुढच्याचे. शिरोरेषा जुळावी म्हणून आपण शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढवतो, त्यामुळे पुढच्या अक्षराची सावली मागच्याच्या रंगावर येते. ग्रेडियंटही प्रत्येक ग्लिफमध्ये नव्याने सुरू होतो आणि शिरोरेषेवर सांधे दिसतात. शिवाय व्हर्जन 0 मध्ये जोडाक्षरांचे थरही 65,535 ग्लिफच्या मर्यादेत मोजले जातात. बाराखडीपुरतं भागेल, जोडाक्षरं भरपूर आणि थर चार-पाच असतील तर आधी हिशेब करा.

इथे जुनी थरांची पद्धत सरस ठरते. सावली, अंग, चकाकी असे तीन साधे फॉन्ट करायचे, मोजमापं तंतोतंत सारखी ठेवायची आणि एकच मजकूर तीनदा एकावर एक लावायचा. आधी अख्ख्या शब्दाची सावली, मग अंग, त्यामुळे सांधे दिसत नाहीत. मजकूर बदलला की तीन ठिकाणी बदलायचा, हा ताप आहेच. पण वर्डपासून इनडिझाइनपर्यंत, जिथे मजकूर एकावर एक ठेवता येतो तिथे हे चालतं.

माझा कौल: वेबसाठी सीओएलआर व्हर्जन 0, अडोबीत रंगणाऱ्या कामासाठी एसव्हीजी, आणि सावलीदार देवनागरी शीर्षकांसाठी थरांचे फॉन्ट. छपाईला जाणारं काम असेल तर शुद्धलेखन तपासून अक्षरांच्या बाह्यरेषा करूनच, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून, फाइल पाठवा. एकदा त्या झाल्या की काना-मात्रा दुरुस्त करता येत नाहीत.