चाटी गल्लीतील आमच्या दुकानात व्हॉट्सॲप बिझनेस : दहा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचे चादरी, टॉवेल आणि नॅपकिनच्या घाऊक विक्रीचे लहानसे दुकान आहे. पूर्व भागातील आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील यंत्रमाग कारखानदार आम्हांला माल देतात आणि तो पुढे पंढरपूर, लातूर, विजयपूर, कलबुर्गी, हैदराबाद येथील दुकानदारांकडे जातो. गेल्या गुढीपाडव्यापासून, म्हणजे ३० मार्च २०२५ पासून, दुकानाच्या सर्व ऑर्डरी आम्ही व्हॉट्सॲप बिझनेसवर, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या वेगळ्या व्हॉट्सॲपवर, घेत आहोत. त्यापूर्वी माझ्या खासगी क्रमांकावरील साध्या व्हॉट्सॲपमध्ये घरच्यांचे निरोप, नातेवाइकांची लग्नपत्रिका आणि पन्नास डझन टॉवेलांची ऑर्डर अशी सगळी सरमिसळ असे. जानेवारी २०१८ मध्ये निघालेले हे ॲप आमच्यापर्यंत पोहोचायला सात वर्षे लागली, याची आता हळहळ वाटते. त्याच्या भरवशावर माल अधिक खपेल अशी अपेक्षा ठेवून कोणी ते घेऊ नये. आलेली ऑर्डर हरवू नये, एवढ्यासाठी मात्र जरूर घ्यावे.

सुरुवात क्रमांकापासून करतो, कारण पहिला निर्णय तोच घ्यावा लागतो. दुकानाचा ०२१७ ने सुरू होणारा लँडलाइन क्रमांक माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, काळापासून बिलबुकावर, पिशव्यांवर आणि पाटीवर छापलेला आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर लँडलाइन क्रमांकही नोंदवता येतो, हे फार थोड्या दुकानदारांना माहीत असते. देशाचा संकेतांक ९१ लावून सुरुवातीचे शून्य गाळायचे आणि सहा अंकी कोड संदेशाऐवजी फोनवर ऐकवण्याचा पर्याय निवडायचा, एवढीच कृती आहे. अण्णांनी रिसीव्हर कानाला लावून कोड सांगितला आणि मी तो टाकला. जुन्या ग्राहकांना नवा क्रमांक कळवत बसण्याची गरज उरली नाही, हा त्या वेळी मोठाच लाभ वाटला.

आज मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी लँडलाइन सुचवणार नाही. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी संदेशसेवांना दिलेल्या आदेशानुसार, ज्या सिमकार्डाच्या क्रमांकावर खाते उघडले ते सिमकार्ड फोनमध्ये चालू असल्याखेरीज सेवा चालू नये आणि संगणकावर वेबमार्फत उघडलेले सत्र दर सहा तासांनी आपोआप बंद व्हावे, अशी अट घालण्यात आली आणि तिच्या पूर्ततेसाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. देशाबाहेरून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला पटतो. पण लँडलाइनला सिमकार्डच नसते. म्हणून डिसेंबरपासून आम्ही बिलबुकावर एक मोबाइल क्रमांकही छापू लागलो असून नियमित ग्राहकांना तो जतन करून ठेवण्याची विनंती केली आहे. दुकानातील संगणकावर दिवसभर उघडे राहणारे खाते दिवसातून दोनदा पुन्हा जोडावे लागले, तरी ती गैरसोय मी सोसेन.

कॅटलॉग ही या ॲपमधली सर्वांत उपयोगी सोय आहे. त्यात ५०० पर्यंत वस्तू मांडता येतात, प्रत्येक वस्तूला १० पर्यंत छायाचित्रे जोडता येतात आणि वस्तूंचे गट पाडता येतात. आम्ही साठ-नव्वद इंचांच्या जॅकार्ड (विणूनच नक्षी काढलेल्या) चादरी, टेरी टॉवेल, नॅपकिन आणि लहान मुलांच्या चादरी असे चार गट केले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा कोणता माल सोलापूरच्या मागावरचा आणि कोणता बाहेरून आलेला, हे वर्णनात स्पष्ट लिहिण्याचा आग्रह मी धरला. ग्राहक आपल्या पसंतीच्या वस्तू निवडतो आणि संपूर्ण यादी एकाच संदेशात आमच्याकडे येते. पूर्वी ‘परवा पाठवलेल्यातला तो निळा’ अशा वर्णनावरून माल शोधावा लागे. आता प्रत्येक वस्तूला आम्ही दिलेला कोड ऑर्डरीत येतो.

रंगाच्या बाबतीत मात्र फटका बसला. ज्या फोनने आम्ही छायाचित्रे काढली त्याचा कॅमेरा दुकानातल्या दिव्याखाली तपकिरी झाक असलेला गडद लाल (मरून) रंग सरळ लाल दाखवत असे आणि हे आमच्या लक्षात येण्यापूर्वी लातूरच्या एका दुकानदाराने दोन डझन चादरी परत पाठवल्या. जाण्या-येण्याचे भाडे आम्ही सोसले आणि ते योग्यच होते. त्यानंतर सर्व छायाचित्रे सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान दुकानाबाहेर, उन्हाची तिरीप टाळून, चादरीशेजारी पांढराशुभ्र नॅपकिन ठेवून पुन्हा काढली. शेजारी पांढरा नॅपकिन असला की पाहणाऱ्याला रंगाचा अंदाज बांधता येतो. संभाषणात छायाचित्र पाठवताना उच्च दर्जाचा, म्हणजे एचडीचा, पर्याय निवडायलाही आम्ही विसरत नाही, कारण एरवी फाइल लहान होताना टॉवेलाचा पोत हरवतो आणि घाऊक खरेदीदार पोतावरच भाव ठरवतो.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सोलापुरातला धंदा तीन भाषांत चालतो आणि हिंदी धरली तर चार. आमचे बहुतेक कारखानदार तेलुगू बोलतात, विजयपूर आणि कलबुर्गीचे ग्राहक कन्नड बोलतात आणि बाकीचा व्यवहार मराठीत होतो. तिरकी रेघ देऊन लघुरूप टाकले की आधी लिहून ठेवलेला मजकूर उमटवणारी तत्पर उत्तरांची सोय येथे फार कामी आली. अशी ५० उत्तरे साठवता येतात. भाव, गाठीचे वजन, वाहतूक, खात्याचा तपशील अशी बारा उत्तरे चार भाषांत लिहिल्यावर दोनच जागा उरल्या. तेलुगू मजकूर आमच्या दुकानातील एका सहकाऱ्याने लिहिला आणि कन्नड मजकूर कलबुर्गीच्या एका ग्राहकाने आपुलकीने तपासून दिला.

तरीही कारखानदार सहसा टंकलेखन करत नाहीत. ते मागाशेजारी उभे राहून बोलून पाठवतात आणि त्या आवाजी संदेशात मागांचा खडखडाट मिसळलेला असतो. जूनमध्ये एका कारखानदाराने इतके डझन टॉवेल तयार असल्याचे कळवले. तेलुगूत वीसला ‘इरवै’ आणि साठला ‘अरवै’ म्हणतात. खडखडाटात मी अरवै ऐकले आणि हैदराबादच्या ग्राहकाला साठ डझनांचा शब्द देऊन बसलो. प्रत्यक्षात वीसच डझन होते. उरलेले चाळीस डझन तीन ठिकाणांहून जमवताना नफा तर गेलाच, शिवाय मालाची छटा एकसारखी राहिली नाही. त्या दिवसापासून दुकानात एक नियम आहे: प्रत्येक आवाजी संदेश ऐकणाऱ्याने त्याच संदेशाला उत्तर म्हणून आकडा अंकांत लिहून पाठवायचा आणि समोरून होकार आल्याखेरीज पुढे शब्द द्यायचा नाही. आवाजी संदेशात नंतर शब्द शोधता येत नाही. लिहिलेला आकडा शोधता येतो.

लेखी ऑर्डरीलाही हाच नियम लावला. पाठवलेला संदेश पहिल्या १५ मिनिटांत बदलता येतो आणि बदलल्याची खूण दिसली तरी आधी काय लिहिले होते ते दिसत नाही. दोन डझनांचे दहा डझन झाले, तर आधीचा आकडा दाखवणार कोठून? शिवाय काही ग्राहकांनी आपोआप नाहीसे होणारे संदेश सुरू ठेवलेले असतात. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी संभाषण पुसले जाते आणि उधारीच्या व्यवहारात ते अडचणीचे ठरते. अशा ग्राहकांना आम्ही नम्रपणे ती सोय बंद करण्यास सांगतो. बहुतेक जण लगेच ऐकतात.

एका यादीतून एकाच वेळी २५६ जणांना संदेश पाठवता येतो, परंतु ज्याने आपला क्रमांक जतन केलेला नाही त्याला तो पोहोचत नाही. दिवाळीपूर्वी दोनदा पाठवून पाहिला. नवे ग्राहक आले नाहीत. ती सोय आम्ही आता भाव बदलल्याचे कळवण्यापुरतीच वापरतो.

साठवणुकीची आधीच तजवीज करावी. अँड्रॉइड फोनवरील बॅकअप गूगल खात्याच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो आणि दिवसाला शंभरेक छायाचित्रे व आवाजी संदेश येत असल्याने आमची जागा सात महिन्यांत भरली. आता दर महिन्याच्या अखेरीस छायाचित्रे संगणकावर उतरवून फोनमधून काढून टाकतो.

खात्यांना रंगीत लेबले लावण्याची सोय अण्णांना सर्वाधिक पटली. २० पर्यंत लेबले करता येतात. आम्ही सहाच केली: नवी ऑर्डर, माल बांधला, ट्रान्सपोर्टला दिला, बिल्टी (माल वाहतुकीला दिल्याची पावती) पाठवली, वसुली बाकी आणि हिशेब पूर्ण. सकाळी दुकान उघडल्यावर ‘बिल्टी पाठवली’ असे लेबल ज्यांना अजून लागलेले नाही त्यांची नावे वाचली की दिवसाच्या कामाची यादी तयार होते. अण्णांनी मात्र लाल वही सोडलेली नाही. ‘वसुली बाकी’ या लेबलाखालची नावे ते दर शनिवारी वहीत उतरवून घेतात आणि आम्ही दोघे बसून दोन्ही याद्या ताडून पाहतो. या दहा महिन्यांत फरक तीन वेळा निघाला. दोनदा रक्कम जमा होऊनही मी लेबल बदलायचे विसरलो होतो आणि एकदा वहीत नाव राहून गेले होते. सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीमुळे गेल्या दोन शनिवारी ही ताडणी झाली नाही; येत्या शनिवारी दुकान बंद केल्यावर ती आधी करायची, असे आमचे ठरले आहे.