हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर, अकरा महिन्यांनंतर: रजेला पैकीच्या पैकी, ईएसआयला शून्य

आमच्या व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरला जानेवारीत कावीळ झाली नसती, तर आज मी या सॉफ्टवेअरचं कौतुकच लिहिलं असतं.

डॉक्टरांनी त्याला एकवीस दिवसांची विश्रांती लिहून दिली. आजारपणात ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेकडून सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, त्यामुळे तो निर्धास्त होता आणि मीही. मग त्याची बायको कागद घेऊन शाखा कार्यालयात गेली आणि तिथूनच तिचा फोन आला, “ताई, ह्यांचे दिवसच भरत नाहीत म्हणतात.”

जानेवारी ते जूनमधल्या आजारपणासाठी आधीच्या एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, लागतं. त्याचं फक्त एप्रिल २०२४ चं भरलेलं होतं. मे महिन्यापासून त्याच्या नावापुढे ईएसआय शून्य. माणूस रोज कामावर, हजेरी चोख, आणि आठ महिने कपातच नाही.

आमचं नाशिकला अंबडमध्ये चौतीस माणसांचं वर्कशॉप आहे. पगारपत्रक मी करते. हे सॉफ्टवेअर एप्रिल २०२४ मध्ये घेतलं, माणशी महिना ४५ रुपये. जीएसटी धरून महिन्याला अठराशेच्या वर जातात, आणि वर्षाचे पैसे आगाऊ घेतात. मालकांना मी पटवून दिलं होतं, म्हणून हा खर्च मला माझा वाटतो.

त्याचं झालं असं. त्याचा पगार १९,६०० रुपये. मेमध्ये ऑर्डरची घाई होती, ओव्हरटाइम दुप्पट दराने लागला आणि एकूण रक्कम २२,६०० झाली. ईएसआय लागू होण्याची पगाराची मर्यादा २१,००० रुपये. सॉफ्टवेअरने ओव्हरटाइम धरून एकूण रक्कम पाहिली आणि त्याला योजनेबाहेर काढलं. २०२४ मध्ये कायदा नेमका उलटा होता. मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरायचा नाही, पण अंशदान काढताना धरायचा. शिवाय पगार खरोखर वाढून मर्यादा ओलांडली, तरी चालू सहामाही संपेपर्यंत कपात थांबवता येत नाही. म्हणजे दोन्ही नियम चुकले. जूनमध्ये ओव्हरटाइम कमी झाला, तरी त्याच्या नावापुढची एकदा काढलेली ईएसआयची खूण परत लागली नाही ती नाहीच.

चूक माझीही आहे. चलनाची एकूण रक्कम मी दर महिन्याला बघत होते, माणसांची संख्या बघत नव्हते. चौतीसजणांच्या ओव्हरटाइमनुसार रक्कम वर-खाली होतेच, त्यात एका माणसाचे नऊशे रुपये लपून गेले.

सेवा विभागाकडे तीन तक्रारी केल्या. पहिल्या दोन “निराकरण झाले” म्हणून परस्पर बंद करण्यात आल्या. तिसऱ्या वेळी एका मुलीने स्क्रीन बघत अर्धा तास बसून शोधलं, आणि तिचे मी मनापासून आभार मानते. ‘ओव्हरटाइम मर्यादेत धरू नये’ असा पर्याय त्यात आहे! सेटिंगमध्ये, तीन पानं आत, मुळातून बंद ठेवलेला. तोवर मी मानत होते की यांना कायदा माहीत नाही. माहीत आहे हे कळल्यावर राग जास्त आला. कायद्याने जे सक्तीचं आहे, ते ग्राहकाने शोधून चालू करायचं?

आता रजेबद्दल, कारण तिथे या लोकांनी खरोखर चांगलं काम केलंय आणि रागात ते झाकलं जाऊ नये. पूर्वी दर दिवाळीला माझ्या टेबलाशी रजेच्या वहीवरून भांडणं व्हायची. २०२४ च्या नियमाप्रमाणे वर्षात कामाचे २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक हक्काची रजा मिळायची, आणि पुढच्या वर्षात जास्तीत जास्त तीस नेता यायच्या. हे सगळं आता प्रत्येकाला मोबाइलवर मराठीत दिसतं. या दिवाळीत एकही भांडण झालं नाही. पॅकिंगमधली एकजण बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तर तिच्या २४० दिवसांच्या हिशोबात बारा आठवडे आपोआप धरलेले होते आणि त्या आठवड्यांवर जादा रजा मात्र लावली नव्हती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे बरोबर असंच हवं होतं. हे मी हाताने करायचे तेव्हा मागे दोघींच्या बाबतीत चुकले होते, ते आठवून मला वाईट वाटलं.

व्यवसाय कराचंही ठीक आहे. फेब्रुवारीत ३०० कापले गेले, आणि पंचवीस हजारांपर्यंतच्या बायकांना तो लागत नाही हेही त्याला माहीत आहे. पीएफची फाइल एकदाही परत आली नाही.

पण आठ महिन्यांचं अंशदान व्याजासकट मालकांनी भरायचं ठरलंय. रक्कम सात हजारांच्या आसपास, वर वर्षाला १२ टक्के दराने व्याज. त्यातला कामगाराचा हिस्सा, पगाराचा पाऊण टक्का, तोही आता त्याच्याकडून घेता येत नाही, कारण ज्या महिन्याची कपात त्याच महिन्याच्या पगारातून करायची असते. ऑक्टोबर ते डिसेंबरचं ऑनलाइन भरून झालं. मे ते सप्टेंबरची ऑनलाइन मुदत नोव्हेंबरातच संपली होती, म्हणून अर्ज, हजेरीपत्रक आणि पगारपत्रकाच्या प्रती घेऊन मी शाखा कार्यालयात दोनदा जाऊन आले. त्याच्या एकवीस दिवसांचे पैसे अजून अडकलेत. मालकांनी उचल दिली म्हणून त्याचं घर चाललं.

एप्रिलमध्ये वर्ष संपतंय. मी कंपनीला दोन गोष्टी लेखी मागितल्यात: तो पर्याय सगळ्यांसाठी मुळातून चालू ठेवा, आणि कुणाची ईएसआय किंवा पीएफ बंद झाली की त्याच दिवशी नावासकट सूचना पाठवा. उत्तर आलेलं नाही. तोवर दर महिन्याच्या १० तारखेला, चलन भरण्याआधी, मी हजेरीतली नावं आणि ईएसआयमधली नावं शेजारी शेजारी ठेवून मोजते. हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आजच तुमच्या मे महिन्याची यादी काढून बघा, विशेषतः ज्यांचा पगार एकोणीस-वीस हजार आहे आणि जे ओव्हरटाइमला थांबतात त्यांची.