छापलेलं तिकीट की डकवलेलं? पोस्टल स्टेशनरीत काय धरायचं, काय नाही

जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली की टपालाच्या जुन्या कागदांचा एखादा गठ्ठा हाती लागतोच. पोस्टकार्डं, निळी इनलँड पत्रं, फर्स्ट डे कव्हरं (नवं तिकीट निघतं त्या दिवशीच्या शिक्क्याची पाकिटं), कुठल्यातरी कचेरीतली पाकिटं, सगळं एकाच सुतळीत बांधलेलं. विकणाऱ्यासाठी ते सगळं ‘पोस्टाचं जुनं’. तुम्ही नुकताच पोस्टल स्टेशनरीचा संग्रह करायला घेतला असेल, तर त्यातलं काय ठेवायचं आणि काय बाजूला काढायचं, हे घरी आल्यावर ठरवावंच लागतं.

आंतरराष्ट्रीय फिलाटेली (तिकीटसंग्रह) महासंघाची, म्हणजे एफआयपीची व्याख्या सोप्या शब्दांत अशी: ज्या टपाली कागदावर अधिकृत परवानगीने आधीच तिकीट, चिन्ह किंवा मजकूर छापलेला आहे, आणि टपालाचं किंवा संबंधित सेवेचं ठरावीक शुल्क भरलं गेल्याचं त्यावरून कळतं, ती पोस्टल स्टेशनरी. दोनच गोष्टी तपासायच्या. छपाई आधीची आहे का? आणि ती पैसे भरल्याचं सांगते का?

सिटी पोस्टातून ५० पैशांचं पोस्टकार्ड आणा आणि शेजारी दुकानातून घेतलेलं शनिवारवाड्याचं चित्रकार्ड ठेवा. पोस्टकार्डाच्या तिकिटावरून नख फिरवलं तर कुठेही कड लागत नाही, कारण तिकीट कागदाचाच भाग आहे. चित्रकार्डावर तिकीट डकवावं लागतं, तिथे दाते नखाला लागतात. पहिलं स्टेशनरी, दुसरं नाही. १ जुलै १८७९ ला आलेलं पाव आण्याचं ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’ आणि २ ऑक्टोबर १९५० पासूनचं इनलँड ही दोन्ही याच न्यायाने आपल्या संग्रहाचा कणा आहेत.

खरा घोळ होतो तो फर्स्ट डे कव्हरवर. पाकीट टपाल खात्याने छापलेलं, चित्र खात्याचं, शिक्का खात्याचा. मग ते स्टेशनरी का नाही? कारण त्या पाकिटाने स्वतः एक पैसाही भरलेला नसतो. शुल्क भरतं ते वर डकवलेलं तिकीट, आणि ते काढलं तर उरतो नुसता शोभेचा कागद. याउलट पोस्टात मिळणारं ५ रुपयांचं साधं पाकीट बघा. त्यावर ना चित्र, ना विशेष शिक्का, पण कोपऱ्यात छापलेलं तिकीट आहे, म्हणून ते आपलं. स्पेशल कव्हरचं, म्हणजे एखाद्या प्रसंगानिमित्त विशेष शिक्का मारलेल्या पाकिटाचंही तसंच: कोऱ्या पाकिटावर तिकीट लावलेलं असेल तर बाहेर, पण तोच शिक्का छापील तिकिटाच्या पाकिटावर मारलेला असेल तर आत. कोणी छापलं यापेक्षा काय छापलं, हे बघायचं. नव्या संग्राहकाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जाताना मी पाहिले आहेत.

जवाबी पोस्टकार्ड आणि कंपन्यांचं बिझनेस रिप्लाय कार्ड दिसायला भावंडं वाटतात. जवाबी कार्डाच्या दोन्ही भागांवर तिकीट छापलेलं असतं, उत्तराचे पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरलेले असतात. बिझनेस रिप्लायवर मात्र शुल्क घेणाऱ्याने द्यायचं, असं लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे अजून भरायचेच आहेत. म्हणून ते बाहेर. टपाल खात्याच्याच मेघदूत पोस्टकार्डावर जाहिरात असते म्हणून काही जण त्याला खालचं समजतात. ते चूक आहे. २००२ पासून २५ पैशांना मिळालेलं ते कार्ड पूर्ण अर्थाने स्टेशनरी आहे, आणि जाहिरातींमुळे त्यात विविधताही भरपूर.

काही कागद सीमेवरचे असतात. कोरी एरोग्राम, म्हणजे परदेशी पाठवायची घडीची हवाई पत्रं असतात, त्यांच्यावर तिकीट छापलेलं नसतं, ते लावावं लागतं. खात्याचेच छापील फॉर्म असतात, त्यांच्यावर शुल्काचा उल्लेख नसतो. अभ्यासक त्यांना ‘फॉर्म्युलर’ म्हणतात. घरच्या अल्बममध्ये मी ते मागच्या पानांवर वेगळे ठेवतो. पण महापेक्ससारख्या तिकीटसंग्रहाच्या प्रदर्शनासाठी सोळा पानांची चौकट, म्हणजे पानं मांडायची फ्रेम भरताना मी कडक व्याख्येलाच चिकटून राहतो, आणि तुम्हालाही तेच सुचवेन. संग्रह घरापुरता ठेवायचा असेल तर सैल व्याख्येत आनंद जास्त आहे, फक्त पानावर तसं स्पष्ट लिहावं.

आणि कात्री लांब ठेवा. शाळेत असताना मी १५ पैशांच्या कार्डांवरचे वाघ कापून वहीत चिकटवले होते. त्यांच्याबरोबर पत्ते गेले, शिक्के गेले, मागचा मजकूरही गेला. कापलेला चौकोन आणि अख्खं कार्ड यांत निवड करायची वेळ आली, तर कार्ड मळलेलं असलं तरी तेच घ्यावं.

तसंच एक कार्ड माझ्याकडे आहे. आत्याने आजोबा गेल्याचं कळवलेलं. वाघाचं १५ पैशांचं कार्ड, दर वाढल्यामुळे शेजारी जादा तिकीट डकवलेलं, आणि एक कोपरा फाडलेला. डकवलेल्या तिकिटामुळे ते स्टेशनरीतून बाद होत नाही, कारण मूळ शुल्क छापीलच आहे. अनेक जण कोपरा पाहून ते खराब म्हणून बाजूला ठेवतील. पण अशुभ बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडायची आपल्याकडची रीत होती, आणि असं कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नसत, फाडून टाकत. त्यामुळे अशी कार्डं फार थोडी उरली आहेत. माझ्या चौकटीत ते कोपऱ्यासकट, कडेचा कुठलाही भाग न झाकता लावलेलं आहे, आणि खाली आजोबांच्या गावाचं नाव लिहिलेलं आहे.