सुती टाक्यांत विणलेला समुद्र

साताऱ्यातील एका हस्तकला प्रदर्शनातून घेतलेले, एका तरुण डिझायनरने समुद्रावरून रचलेले हे विणलेले सुती ब्लँकेट पावसाळ्यापासून थंडी संपेपर्यंत आमच्या घरात रोज वापरले गेले आहे. त्यामुळे त्याच्या देखणेपणाबरोबरच ते किती टिकते, याविषयीही खात्रीने लिहिता येते.

समुद्रावरून केलेल्या घरगुती वस्तूंवर सहसा शंख, मासे किंवा गलबते छापलेली दिसतात. या ब्लँकेटवर असे एकही चित्र नाही. त्यातली लाट विणीतूनच उठते. एकाच ओळीत ठरावीक अंतरावर टाके वाढवले आणि तितकेच घटवले, की ओळ सरळ न राहता वर-खाली होते आणि वाढवलेल्या टाक्यांच्या जागी बारीक जाळी पडते. दोन सुयांवर विणणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. नवे आहे ते तिचे नियोजन. वरच्या टोकाला, फेसासारख्या पांढऱ्या आणि हिरवट निळ्या पट्ट्यांत ही जाळी मोकळी आहे, आणि निळा रंग जसजसा गडद होतो तसतशी ती मिटत जाऊन शेवटचा भाग पूर्ण घट्ट विणीचा होतो. रंगांचा क्रमही अभ्यासपूर्वक ठरवलेला दिसतो. सूर्यप्रकाशातील लाल रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा सर्वांत खोल जातो, २०० मीटरांखाली उजेड अगदी थोडा उरतो आणि १,००० मीटरांखाली तो पोहोचतच नाही. ब्लँकेटचा खालचा अर्धा भाग निळ्यातून जवळजवळ काळ्यात उतरतो, आणि शोभेसाठी तिथे एखादी पिवळी किंवा लाल रेघ ओढण्याचा मोह डिझायनरने टाळला आहे. हा संयम मला फार मोलाचा वाटला.

या रचनेचा खरा कस पांघरल्यावर लागतो. गडद, घट्ट भाग पायांकडे घेतला की पाय उबदार राहतात आणि मोकळी जाळी छातीवर येत असल्याने गुदमरल्यासारखे होत नाही. माण-खटावच्या बाजूची, मेंढीच्या लोकरीची आणि चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी ज्या घरात आहे, तिथे डिसेंबरच्या पहाटेसाठी हे ब्लँकेट पुरेसे वाटणार नाही, आणि ते खरेच आहे. सुती धागा लोकरीइतकी ऊब धरून ठेवत नाही. पण पावसाळ्याच्या दमट रात्री, पंख्याखाली, किंवा लोकर टोचते म्हणून तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी याच्याइतके सुखाचे पांघरूण मी वापरलेले नाही. कडेची किनार सगळ्या सुलट टाक्यांची असल्यामुळे ती गुंडाळत नाही, हेही मुद्दाम सांगायला हवे.

धुण्याच्या बाबतीत मात्र शिस्त लागते. ओला कापूस भरपूर पाणी धरतो, आणि विणलेले कापड टाक्यांच्या फाशांमुळे ताणले जाते. म्हणून हे ब्लँकेट दोरीवर टांगले तर स्वतःच्याच वजनाने लांबते. हलके पिळून ते सावलीत, खाटेवर सपाट पसरावे. पहिल्या धुण्यात गडद निळा रंग थोडा उतरला, पुढे थांबला. तरी ते वेगळेच धुवावे. सोलापुरी चादरीसारखे ते निर्धास्तपणे आपटून धुता येणार नाही. मोकळ्या जाळीत बांगडी अडकून धागा बाहेर आला, तर तो कापू नये, क्रोशाच्या सुईने मागच्या बाजूला ओढून घ्यावा. पायांकडची वीण घट्ट असल्याने जोडवी अडकण्याचा त्रास जवळजवळ नाही.

उणीव एकच, पण मोठी आहे: लांबी. उंच माणसाने पाय झाकले की खांदे उघडे पडतात. किंमत साध्या सुती चादरीच्या कित्येक पट आहे. सूत, रंगाई आणि विणकामाचे तास पाहता ती मला अवाजवी वाटली नाही, परंतु इतके पैसे मोजणाऱ्याला पूर्ण पलंगाचे माप मिळायला हवे. लांबी वाढवायची झाल्यास डिझायनरने ती खालच्या काळसर निळ्या भागात वाढवावी. तिथे वीण आधीच घट्ट आहे, त्यामुळे लाटांचा हिशेब बिघडणार नाही आणि पायांकडची ऊबही वाढेल.